फणस इथला, वीणा घाटावरची

श्रावणात कोकणातल्या देवळांत सप्ताह बसला की वीणा जमिनीला टेकवायची नाही, असा दंडक. वाडीवार पाळ्या लागतात आणि सात दिवस ती या गळ्यातून त्या गळ्यात जाते. बाहेर धो धो पाऊस. ओलाव्याने खुंट्या फुगून भोकांत आवळतात, तारा गंजतात. तंतुवाद्याला जो महिना सर्वांत जाचतो, त्याच महिन्यात आपण त्याला रात्रंदिवस राबवतो.

गंमत म्हणजे लाकडाला इथे तोटा नाही. फणस आणि शिवण, दोन्ही वाद्यांसाठी नावाजलेली झाडं. तंजावरची वीणा फणसातूनच कोरतात. आमच्याकडे मात्र त्याच फणसाची दारं-खांब झाले, आणि सतार-तंबोऱ्याचा धंदा रुजला घाटावर, मिरजेत.

त्याचं मूळ तलवारीत आहे. मिरजेचे शिकलगार हत्यारांना धार लावणारे. पेशवाई गेली, १८१८ नंतर लढाया थांबल्या, धारेचं काम आटलं. १८५० च्या सुमारास त्यांच्यातले फरीदसाहेब तंबोरे दुरुस्त करता करता घडवू लागले. पटवर्धन संस्थानिक गाण्याचे शौकीन, त्यामुळे गिऱ्हाईक दारातच. तंबोऱ्याच्या तुंब्याला लागणारा भोपळाही जवळ: जाड सालीचा, पंढरपूर-मंगळवेढ्याच्या कोरड्या रानात पिकून कडक वाळलेला. माझ्या मते कोकण मागे राहिलं ते इथेच. आपल्या हवेत भोपळा वाळण्याआधी बुरशी धरतो. २०२४ साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं.

कोकणात तार अजिबात नव्हती असं नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत कथा, सांगतात ते वीणा, हुडूक (छोटं चर्मवाद्य) आणि टाळ यांच्या साथीवर. सावंतवाडीच्या राजघराण्याने त्यांना आश्रय दिला. पण ती साथ कथेला सूर धरण्यापुरती. मैफलीच्या तंबोऱ्याला लागते ती जवारी. घोडीचा, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या तुकड्याचा, माथा कानशीने इतका हलका उतार देऊन घासायचा, की तार त्याला जेमतेम चाटत राहावी आणि एका सुरातून अनेक सूर फुटावेत. त्यात तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा दोरा सरकवत नेमकी जागा शोधायची. मापाची पट्टी इथे उपयोगाची नाही, कानच लागतो. तारेने घोडीवर खाच पाडली की पुन्हा घासणं आलं.

म्हणून दसऱ्यानंतर ऊन पडलं की जुन्या धोतरात गुंडाळलेले तंबोरे आजही एसटीतून घाट चढतात, मांडीवर आडवे घेऊन.