उंचीवरील कामाचे सुरक्षा प्रशिक्षण : फलक आणि मांडव व्यवसाय

जाहिरातीचे फ्लेक्स चढवणारे, दुकानांच्या पाट्या बसवणारे, कमानी व मांडव बांधणारे आणि कार्यक्रमाच्या मंचावर ट्रस (दिवे टांगायचा धातूच्या नळ्यांचा जाळीदार सांगाडा), दिवे, स्पीकर उभारणारे कामगार उंचीवरून पडू नयेत, आणि पडलेच तर जीव वाचावा, यासाठी दिले जाणारे प्रशिक्षण. कारखान्यांत आणि बांधकामांवर दिल्या जाणाऱ्या प्रशिक्षणाशी त्याचे नाते जवळचे आहे. पण तिथे हुक अडकवायला कॉलम, बीम असे काही ना काही पक्के सापडते. मांडववाल्याला जे उभारायचे त्यावरच चढावे लागते, आणि ते अजून पुरते आवळलेले नसते. या प्रशिक्षणाचा खरा विषय त्यामुळे बेल्ट हा नसून, बेल्टचा हुक कुठे लावायचा हा आहे.

ठाणे आणि नवी मुंबईत या कामाला तोटा नाही. घोडबंदर रस्ता आणि ठाणे-बेलापूर रस्त्यावरचे मोठे फलक, नौपाड्यातल्या दुकानांच्या पाट्या, गणपती-नवरात्रातल्या कमानी, वाशीच्या सिडको प्रदर्शन केंद्रातले स्टॉल, नेरूळच्या डॉ. डी. वाय. पाटील स्टेडियमवरचे मंच. या स्टेडियमवर जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्लेचे कार्यक्रम झाले. एवढ्या मोठ्या दौऱ्यांच्या उभारणीत प्रशिक्षित रिगर (उंचावर जड साहित्य टांगणारे कामगार) आणि माणसाला वर नेणारी लिफ्ट चालवण्याची कार्डे गृहीत धरलेली असतात. वाढदिवसाच्या शुभेच्छांचा फ्लेक्स रात्री चढवणाऱ्या चौघांकडे मात्र शिडी, सुतळी, पक्कड आणि एक टेम्पो असतो. राष्ट्रीय सुरक्षा परिषदेचे मुख्यालय सीबीडी बेलापूरला आहे. परिषदेची स्थापना ४ मार्च १९६६ ची, म्हणून ४ मार्च हा राष्ट्रीय सुरक्षा दिन. त्या दिवशी एमआयडीसीतल्या कारखान्यांत शपथा होतात. बाहेर रस्त्यावर त्याच कारखान्याची पाटी बसवणारा बिनबेल्टचा असतो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

प्रशिक्षणाची सुरुवात साधनांपासून होते. कमरेचा पट्टा पडणाऱ्याला थांबवण्यासाठी चालत नाही. झटका पाठीच्या कण्यावर आणि पोटावर येतो. त्यासाठी फुल बॉडी हार्नेस, म्हणजे खांदे, छाती आणि मांड्यांना धरणारा पट्ट्यांचा संच लागतो (इथे बेल्ट म्हटले आहे तो हाच), ज्याची दोरी पाठीवर, खांद्यांच्या मधल्या कडीत अडकते. अशा साधनांचे भारतीय मानक आयएस ३५२१, तर हेल्मेटचे आयएस २९२५. शिवण उसवलेला, वेल्डिंगच्या ठिणग्यांनी भोके पडलेला किंवा एकदा कुणाला झेललेला हार्नेस टाकून द्यायचा असतो. टेम्पोच्या मागे तारा-पक्कडींखाली दाबून ठेवलेल्या बेल्टची तपासणी कोण करणार, हा प्रश्न उरतोच.

यानंतर येतो हिशेब, आणि बहुतेक जण इथेच चकित होतात. दोरी २ मीटरची. दोरीला जोडलेली झटका शोषणारी पट्टी उलगडली की लांबीत आणखी १.७५ मीटरपर्यंत भर पडते. पाठीच्या कडीपासून पायापर्यंत दीड मीटर, शिवाय १ मीटर राखीव. म्हणजे हुक जिथे लावला तिथून खाली ६.२५ मीटर मोकळी जागा हवी. वीस फुटी कमान ६.१ मीटरची. तिच्या माथ्यावर उभे राहून पायाशी हुक लावला, तर बेल्ट नियमाप्रमाणे घातलेला असूनही तो भरवशाचा नाही. बारा फुटांवरच्या दुकानाच्या पाटीला तर बोलायलाच नको. अशा ठिकाणी कठड्याचा चाकांचा मचाण घ्यावा, किंवा दोरी इतकी आखूड ठेवावी की माणूस कडेपर्यंत पोहोचूच नये. उंच ट्रसवर दोन हुकांची दोरी वापरतात : एक पुढे लागल्याशिवाय दुसरा सोडायचा नाही. हुक डोक्याच्या वर लावला तर पडण्याचे अंतर कमी होते. फ्लेक्सच्या आयलेटमधून (कडेच्या कडीदार भोकांतून) ओवलेली दोरी, पत्र्याची पन्हाळ किंवा एका बोल्टवर टांगलेली पट्टी यांना हुक लावला, तर तो न लावल्यासारखाच.

वारा हा वेगळा धडा. ताणलेला फ्लेक्स म्हणजे शीडच. वीस बाय दहा फुटांच्या फ्लेक्सवर ताशी ४५ किलोमीटरचा वारा समोरून आदळला, तर सुमारे पावणेदोनशे किलोंचा दाब येतो, आणि धरायला असतात दोघे. बाहेर वापरायच्या बऱ्याच लिफ्टची वाऱ्याची मर्यादाही साधारण तेवढीच, म्हणजे सेकंदाला १२.५ मीटर असते. सभागृहात वापरायची सिझर लिफ्ट (कात्रीसारख्या दांड्यांवर वर जाणारा मंच) तर उघड्यावर आणायचीच नसते. मे महिन्यातल्या वळवाच्या वावटळी सांगून येत नाहीत. तारांचे भान याच धड्यात येते. ओली शिडी किंवा लांब पाइप उच्चदाबाच्या तारेजवळ गेला, तरी पुरे. स्पर्श व्हायलाच हवा असे नाही.

प्रशिक्षणात सर्वाधिक वगळला जाणारा भाग सुटकेचा. बेल्टने झेललेला माणूस लटकत राहिला, तर मांडीचे पट्टे आवळून रक्त पायांत साचते आणि काही मिनिटांत शुद्ध हरपू शकते. अग्निशमन दलाला १०१ वर कळवावेच, पण शिडी, लिफ्ट वा दोरीने त्याला खाली कसा आणायचा हे काम सुरू होण्याआधीच ठरलेले हवे. वर एकटा माणूस पाठवू नये, हा नियम यातूनच येतो.

कायद्याने हे काम पुरते कवेत घेतलेले नाही. इमारत व इतर बांधकाम कामगार कायदा १९९६ चा. तो दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होता, म्हणून चौघांची टोळी बाहेरच राहायची. १३ मे २०२४ रोजी घाटकोपरला पेट्रोल पंपावर फलक कोसळून १७ जणांचा मृत्यू झाला, आणि आसपासच्या महापालिकांनी फलकांच्या स्थैर्याची तपासणी मनावर घेतली. ती तपासणी सांगाड्याची असते. त्या सांगाड्यावर चढणाऱ्याने हुक कुठे लावावा, शिडीची पायरी कुठून सुरू व्हावी, वर उभी लाइफलाइन (बेल्ट अडकवायची पक्की दोरी) आहे का, हे प्रश्न तिच्या कक्षेत आपोआप येत नाहीत. नवा फलक उभारतानाच कायमच्या कड्या आणि लाइफलाइन बसवल्या, तर पुढे दर वेळी फ्लेक्स बदलताना आधार शोधावा लागत नाही, आणि त्याचा खर्च लोखंडाच्या एकूण खर्चापुढे किरकोळ असतो.