बेट की चेक : लिमिट होल्डेममधील निर्णय

लिमिट होल्डेम हा पोकरचा एक प्रकार. फेरीत अजून कुणी पैसे लावलेले नसताना ज्याची पाळी येते, त्याच्यापुढे दोनच वाटा असतात : ठरलेली रक्कम लावणे (बेट) किंवा काही न लावता पाळी पुढे सोडणे (चेक). रक्कम नियमानेच बांधलेली असल्यामुळे ‘किती लावू?’ हा प्रश्न उरत नाही, ‘लावू की नको?’ एवढाच राहतो. दिवाळीत तीन पत्ती खेळणाऱ्याला चेक ही सोय नवखी वाटेल. तिथे पाळी आली की चाल द्यायची नाहीतर पॅक करायचे, फुकट बसून पुढचे पान बघणे नाही. होल्डेममध्ये नवखा खेळाडू याच सोयीचा गरजेपेक्षा जास्त आसरा घेतो.

होल्डेमचे जन्मस्थान म्हणून टेक्सासमधील रॉब्सटाउन या गावाला तिथल्या विधिमंडळाने २००७ मध्ये मान्यता दिली. खेळाडूला दोन झाकली पाने मिळतात. टेबलावर आधी तीन पाने उघडतात (फ्लॉप), मग एक (टर्न), मग शेवटचे एक (रिव्हर). १०-२० डॉलरच्या टेबलावर फ्लॉपपर्यंतच्या दोन फेऱ्यांत बेट १० डॉलरची, टर्न आणि रिव्हरवर २० ची. पाने वाटण्याआधी डीलरच्या डावीकडचे दोघे ५ आणि १० डॉलर सक्तीने टाकतात. यांना ब्लाइंड म्हणतात. तीन पत्तीत पाने न बघता खेळण्याला ब्लाइंड म्हणतात, तो अर्थ इथे नाही. एका फेरीत साधारणपणे एक बेट आणि तीन रेज (लागलेल्या बेटवर आणखी तेवढीच रक्कम चढवणे) एवढीच मुभा असते.

या बांधलेपणाचा परिणाम असा की पॉट (डावात जमलेले पैसे) फुगत जातो, पण बेट तेवढीच राहते. समजा फ्लॉप बघायला सहा जण प्रत्येकी २० डॉलर टाकून आले. पॉट १२० चा झाला. आपल्याकडे या घडीला सर्वांत चांगला हात आहे आणि आपण १० लावले. ज्याला सरळ क्रम (लागोपाठची पाच पाने) पुरा करायला मधले एकच पान हवे आहे, त्याच्यासाठी न दिसलेल्या ४७ पानांत अशी चार आहेत, बाकीची ४३ निरुपयोगी, म्हणजे १ ला पावणेअकरा असा भाव. त्याला मिळतो १० ला १३०, म्हणजे १ ला १३. त्याचा कॉल (बेटएवढी रक्कम भरून डावात राहणे) बरोबर आहे; आपली बेट त्याला हाकलू शकत नाही. तरीही बेट करायचीच, कारण फुकट पान देण्यापेक्षा दहा डॉलर घेऊन दिलेले बरे.

इथेच चेकचा खरा डावपेच सुरू होतो. आधी रेज केलेला खेळाडू सगळ्यात शेवटी बसला असेल आणि आपण सगळ्यात आधी, तर आपण चेक करावे, त्याला बेट करू द्यावी आणि मग रेज करावी. मधल्यांना आता एकदम २० भरायचे आहेत, पॉट १५० चा, भाव साडेसात. त्या मधल्या पानाची वाट बघणाऱ्याला हा सौदा परवडत नाही. तोच रेज करणारा आपल्या लगेच डावीकडे असेल, तर उलट करावे : सरळ बेट लावावी आणि त्याने रेज करावी अशी आशा धरावी. पहिल्या चालीत धोका आहेच. सगळ्यांनीच चेक केले, तर पाचही जणांना फुकट पान जाते.

हात अजून लागलेला नसतानाही बेट फायद्याची ठरू शकते. हातात दोन बदाम आणि फ्लॉपवर दोन बदाम असतील, तर पाचवा बदाम पुढच्या दोन पानांत येऊन फ्लश (एकाच रंगाची पाच पाने) होण्याची शक्यता सुमारे ३५ टक्के. तिघे कॉल करणार असतील, तर नव्या पैशांपैकी आपण भरतो फक्त २५ टक्के. टर्नवर बदाम आला नाही की शक्यता २० टक्क्यांच्या आत उतरते, आणि त्याच गर्दीसमोर चेक योग्य ठरते. शेवटी बसलेला असा खेळाडू कधी फ्लॉपवर पुढच्याच्या बेटवर रेज करतो, म्हणजे टर्नवर सगळे घाबरून चेक करतात आणि त्याला रिव्हर फुकट बघायला मिळते. दहा टाकून वीस वाचवायचे.

रिव्हरवर मात्र फुकट पानाचा प्रश्न संपतो आणि हिशेब कोरडा होतो. उदाहरण घेऊ. आपण शेवटी बसलो आहोत, हातात एक्का आणि दश्शी. समोर एकच खेळाडू. उघडी पाने : दश्शी, सत्ती, दुर्री, राजा, तिर्री. फ्लश वा क्रम कुणाला शक्य नाही. पॉट १०५ डॉलरचा, समोरच्याने चेक केले. बरेच जण इथे राजाकडे बघून मुकाट्याने चेक करतात. पण आपला हात सरस असण्याची शक्यता ८० टक्के आहे की ६०, याने इथे काही ठरत नाही. हरणारे हात फेकले जाणार असतील, तर त्यांच्याकडून छदामही मिळत नाही. बघायचे ते एवढेच, की जे कॉल करतील त्यांच्यापैकी निम्म्याहून जास्त हात आपण मारतो का. समोरच्याला २० मध्ये १२५ जिंकायचे असतात, म्हणून तो सत्तीच्या जोडीनेही कॉल करतो. शंभर कॉलपैकी ५५ जिंकले, ४५ हरले, तर दहा बेट वर, म्हणजे कॉलमागे दोन डॉलर. रक्कम क्षुल्लक दिसते, पण लिमिटमधला नफा बराचसा अशाच चिल्लरीतून जमतो. उलट रेज झाली, तर हा हिशेब थोडा बिघडतो.

तोच हात घेऊन आधी बोलायची पाळी आली, तर निम्म्याची अट सुटते. समोरचा बुजरा असेल, तर आपल्या चेकवर तो दुबळी जोडी घेऊन चेकच करील, आणि राजा असेल तर बेट करील, जी आपण भरणारच आहोत. मग आपणच बेट करावी : राजासमोरचे २० तसेही जाणार होते, दुबळ्या जोडीचे २० वर मिळाले. समोरचा आगाऊ असेल, फसलेल्या ड्रॉवरही (हवे ते पान न आलेल्या हातावरही) थाप मारणारा, तर चेक करून त्याला थाप मारू द्यावी.

अल्बर्टा विद्यापीठातील मायकेल बोलिंग आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये जाहीर केलेल्या सीफियस या प्रोग्रामने दोघांतला लिमिट होल्डेम व्यवहारतः सोडवला. ४,८०० प्रोसेसर-गाभ्यांवर ६८ दिवस गणित चालले. त्याच्या उत्तरात कित्येक ठिकाणी तोच हात कधी बेट, कधी चेक, ठरावीक प्रमाणात खेळला जातो. डीलर असताना हातात दोन एक्के असले तरी पहिल्या फेरीतली शेवटची रेज तो ०.०१ टक्क्याहूनही कमी वेळा करतो. फ्लॉपनंतर प्रत्येक फेरीत डीलर दुसऱ्याची चाल बघून मग बोलतो. दोघेही बिनचूक खेळले तर एकंदर त्याला डावामागे मोठ्या ब्लाइंडच्या सुमारे ०.०८८ पट मिळतात, म्हणजे १०-२० च्या टेबलावर ८८ सेंट.