विस्तार अन् वृद्धी एकच नाही, बिअरच्या फ्रीजवरून समजून घ्या

आमच्या ब्रम्हपुरी-नागभीड पट्ट्यात अभ्यासिकेत बसणाऱ्या पोट्ट्यांना अर्थशास्त्रात एक गोष्ट हमखास आडवी येते, मागणीतला विस्तार अन् मागणीतली वृद्धी. दोन्हीचा अर्थ डोक्यात एकच बसला असते, जास्त खपलं. पण कारण वेगळं आहे राजेहो, आणि कारण चुकलं की पुढचं सगळंच चुकते.

बिअरच घेऊ. त्याच बाटलीचा भाव उतरला म्हणून ती जास्त खपली तर विस्तार, चढला म्हणून कमी खपली तर संकोच, मागणीचा वक्र, म्हणजे कोणत्या भावाला किती खपते ते दाखवणारी रेषा, जागेवरच राहते, आपण फक्त त्याच्यावर खाली-वर होतो. भाव तोच आहे पण मे महिन्यात पारा 45 च्या वर गेला किंवा धान विकून हातात पैसा आला म्हणून जास्त खपली तर ती वृद्धी, अख्खा वक्रच उजवीकडे जाते. याच्या उलट ऱ्हास. एवढं पुस्तकात आहेच.

खरी गोची अशी की फ्रीजमध्ये एकच बिअर नसते. माइल्ड म्हणजे 5 टक्क्यांपर्यंत अल्कोहोल, स्ट्रॉंग त्याच्या वर 8 पर्यंत. समजा 650 मिलीची 5 टक्के माइल्ड 180 ला आहे अन् 8 टक्के स्ट्रॉंग 200 ला, तर माइल्डमध्ये 32.5 मिली अल्कोहोल आलं आणि स्ट्रॉंगमध्ये 52, म्हणजे एक मिली माइल्डमध्ये साडेपाच रुपयाला पडलं अन् स्ट्रॉंगमध्ये चारच्याही आत. दिवसभर मजुरी करून आलेला माणूस हा हिशोब कागदावर मांडत नाही पण त्याला तो पक्का ठाऊक असते, भारतात स्ट्रॉंग एवढी खपते त्याचं मोठं कारण मला हेच वाटते. आता माइल्ड 150 वर आणली तर माइल्डचा विस्तार, बरोबर, पण काही जण स्ट्रॉंग सोडून तिकडे वळतील, म्हणून त्याच दिवशी स्ट्रॉंगचा ऱ्हास सुरू होईल, जिचा भाव हललाच नाही. म्हणून प्रश्नात नुसतं बिअरची मागणी असं असेल तर आधी बघा, कोणती बिअर अन् भाव कोणाचा बदलला.

जून 2025 मध्ये राज्य सरकारनं विदेशी दारूवरची, म्हणजे भारतातच बनणाऱ्या व्हिस्की-रमवरची, ड्युटी वाढवली, 180 मिलीच्या पव्व्याचा किमान भाव 205 ठरवला, बिअर-वाईनला हात लावला नाही. विदेशीसाठी हा संकोच, अन् पव्वा सोडून जेवढे बिअरकडे वळतील तेवढी बिअरची वृद्धी. पण ही वृद्धी फार मोठी असेल असं मला वाटत नाही, कारण 42.8 टक्क्यांच्या पव्व्यात 77 मिली अल्कोहोल असते, म्हणजे 205 च्या भावानं मिलीमागे पावणेतीन रुपयांच्याही आत, स्ट्रॉंगपेक्षाही स्वस्त. नशेसाठी पिणारा बिअरकडे नाही, देशीकडे जाईल.

आणि आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातली 2015 ते 2021 ची दारूबंदी. मागणी कमी झाली असं तेव्हा सरसकट बोलत. धाकानं, लाजेनं ज्यानं सोडली त्याचा तो ऱ्हास, पण चोरून येणारी महाग पडते म्हणून ज्यानं कमी केली त्याचा नुसता संकोच. ज्या बायांनी बंदीसाठी मोर्चे काढले त्यांच्या घरात हा फरक फार मोठा आहे, ऱ्हास झाला असेल तर दुकान उघडल्यावरही नवरा तिकडे जात नाही, संकोच असेल तर भाव उतरला की परत तेवढीच. बिअरचं तर अजून वेगळं, पेटी जड, काच फुटते, जागा खाते, तेवढ्याच जोखमीत पव्वे आणले तर कितीतरी जास्त नशा येते, म्हणून चोरट्या बाजारात बिअर पव्व्याच्या मानानं आणखीच महाग पडते. तिचा संकोच, अन् तिच्यावरून जे मोहाच्या दारूकडे वळले त्यांच्यापायी मोहाची वृद्धी.