लांब नळी आणि दाट मार: एका समजाची पार्श्वभूमी

छर्ऱ्यांच्या बंदुकीची नळी जितकी लांब, तितका मार दाट, म्हणजे छर्रे कमी पसरतात, असं मानणारे आजही पुष्कळ भेटतात. आजच्या बंदुकीबद्दल हे खरं नाही. तरीही या समजाला भाबडेपणा म्हणून उडवून लावणं मला अन्यायाचं वाटतं. तो एका जुन्या, खऱ्या अनुभवातून आला आहे. पुढे बंदूक बदलली, दारू बदलली, काडतूस बदललं, आणि समज तेवढा मागे राहिला.

अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये पक्ष्यांच्या शिकारीसाठी ज्या बंदुका वापरत, त्यांतल्या कित्येकांची नळी चार फुटांची असे. त्याला कारण होतं. चकमकीच्या बंदुकीत रंजकीचा, म्हणजे आधी पेटणाऱ्या चिमूटभर दारूचा, जाळ बाजूच्या कानातून, छोट्या भोकातून, आत जाई आणि मुख्य दारू एका कडेने पेट घेई. काळी दारू आजच्यासारखी एकसारख्या दाण्यांची नसे, त्यामुळे ती पूर्ण जळायला वेळ लागे. नळी आखूड असली की थोडी दारू न जळताच बाहेर फेकली जाई आणि छर्ऱ्यांना हवा तेवढा वेग मिळत नसे. लांब नळीने तो मिळे, म्हणजे मार लांबवर पोचे. शिकाऱ्याला दिसायचं ते एवढंच की लांब नळीने दूरचं बदक पडतं. ते छर्ऱ्यांच्या वेगामुळे पडलं की छर्रे एकत्र राहिल्यामुळे, हे वेगळं करून पाहण्याचं साधन त्याच्याजवळ नव्हतं. सगळा घोळ इथेच सुरू झाला.

१७८७ मध्ये लंडनच्या हेन्री नॉकने नळीच्या बुडाच्या नव्या रचनेचं पेटंट घेतलं. या रचनेत जाळ आधी एका छोट्या पोकळीत जाई आणि तिथून मुख्य दारूच्या मध्यावर पोचे. दारू झपाट्याने पेटू लागली आणि चार फुटांची गरज संपली. त्यानंतर जोसेफ मँटनसारख्या कारागिरांनी तीस इंचांच्या आसपासची सुबक, हलकी दुनळी बंदूक घडवली. १८०७ मध्ये अलेक्झांडर फोर्सिथ या स्कॉटिश पाद्र्याने आघाताने पेटणाऱ्या रसायनाचं पेटंट घेतलं आणि चकमकीचे दिवस भरले. लांबीचा मूळ आधार असा एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच ढासळला होता.

दाटपणाचं कोडं मात्र सुटलं नव्हतं. त्या काळच्या नळ्या आतून बहुधा सरळ, म्हणजे तोंडापर्यंत एकाच व्यासाच्या असत. चाळीस यार्डांवर, म्हणजे साधारण साडेछत्तीस मीटरवर, तीस इंच व्यासाच्या वर्तुळात किती छर्रे बसतात हे मोजायची रीत पुढे रूढ झाली. त्या मापाने सरळ नळीचे सुमारे ४० टक्केच छर्रे वर्तुळात येतात, मग ती नळी २६ इंचांची असो की ३२ इंचांची. बंदूक घडवणारे आतला व्यास कुठे किंचित वाढवून, कुठे घासून प्रयोग करत. कोणाची बंदूक दाट मारी, कोणाची विरळ, आणि त्याचं कारण घडवणाऱ्यालाही नेमकं सांगता येत नसे.

उत्तर सापडलं ते नळीच्या अगदी तोंडाशी. शेवटचे काही सेंटीमीटर थोडे अरुंद केले की छर्ऱ्यांचा झोत बाहेर पडताना आवळला जातो. यालाच चोक म्हणतात. तो पहिल्यांदा कोणी शोधला यावर बराच वाद झाला. अमेरिकेत ऱ्होड आयलंडच्या जेरेमाया स्मिथला तो १८२७ मध्ये सापडला असं सांगितलं जातं. न्यूकॅसलच्या विल्यम पेपच्या १८६६ च्या पेटंटात ही कल्पना नोंदलेली आहे. इलिनॉयमधला बदकांचा शिकारी फ्रेड किंबल याचाही दावा होता, आणि त्याने सांगितलेली हकीकत मला फार आवडते. तोंड आवळलेली नळी त्याने उडवून पाहिली तर मार वाईट पडला. वैतागून त्याने ती पुन्हा सरळ करायला घेतली, पण आवळ पूर्ण निघाली नाही, थोडी राहिली. तशीच उडवली तेव्हा छर्रे कधी नव्हे इतके दाट बसले. आवळ मुळातच गरजेपेक्षा जास्त झाली होती.

पण जगाने चोक मान्य केला तो बर्मिंगहॅमचा बंदूक कारागीर डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रीनर याच्यामुळे. १८७४ मध्ये त्याने भरवशाचा चोक बाजारात आणला आणि त्याच्या बंदुकांचे आकडे वाचून अनेकांचा विश्वास बसेना. मग ‘द फील्ड’ या साप्ताहिकाचे संपादक जे. एच. वॉल्श यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये लंडनला जाहीर चाचणी झाली. चोकच्या आणि सरळ नळीच्या बंदुका एकाच अंतरावरून कागदी निशाणांवर उडवल्या, भोकं मोजली, आणि ग्रीनरच्या चोकने बाजी मारली. या सगळ्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा दिवस कोणता असं विचारलं तर मी या चाचणीकडे बोट दाखवीन. शिकारीच्या गप्पांतला दावा तिथे सर्वांसमोर मोजून तपासला गेला.

आवळ किती बारीक असते ते पाहा. बारा बोअर हे छर्ऱ्यांच्या बंदुकीचं नेहमीचं माप; त्या नळीचा आतला व्यास साधारण साडेअठरा मिलिमीटर, आणि फुल चोकमध्ये, म्हणजे पूर्ण आवळलेल्या तोंडात, तो जेमतेम एक मिलिमीटरने कमी होतो. तेवढ्यानेच वर्तुळातले छर्रे चाळीसवरून सत्तर टक्क्यांच्या आसपास जातात. नळी फूटभर वाढवूनही इतका फरक पडत नाही.

त्याच सुमारास धूरविरहित दारू येत होती. प्रशियाच्या योहान शुल्त्झेची लाकडापासून केलेली दारू १८६० च्या दशकातली. या दारूचा दाब नळीच्या पहिल्या काही इंचांतच टोक गाठतो आणि मग उतरत जातो. त्यामुळे आजच्या काडतुसात नळीचा एक इंच कमी झाला तर सेकंदाला सुमारे १२०० फूट वेगातून पाच-दहा फूट कमी होतात. १९२० च्या दशकात लंडनच्या रॉबर्ट चर्चिलने पंचवीस इंची नळीच्या बंदुका विकायला काढल्या तेव्हा जुन्या मंडळींनी बरीच नाकं मुरडली. पण चोक सारखा असेल तर त्या बंदुकीचा मार विरळ होण्याचं काही कारण नव्हतं.

तरीही समज टिकला, याला माझ्या मते सर्वांत मोठं कारण कापलेली बंदूक. नळी कापायची तर तोंडाकडूनच कापतात, आणि चोक तिथेच असतो. करवतीने लांबी जाते तसा चोकही जातो. छर्रे पसरतात आणि पाहणारा म्हणतो, नळी आखूड झाली म्हणून पसरले. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांनी खंदकांत वापरलेली विंचेस्टर १८९७ या बंदुकीची नळी वीस इंची, पण सरळ, बिनचोकची होती. तिच्यामुळेही आखूड म्हणजे विरळ हे समीकरण पक्कं झालं. नळी फारच आखूड केली तर तोंडाशी वायूचा दाब जास्त राहतो आणि तो दारू आणि छर्ऱ्यांमधली चकती छर्ऱ्यांत घुसवून थोडी पसरण वाढवतो, हे खरं. शिकारीच्या किंवा स्पर्धेच्या बंदुकांच्या लांबीत मात्र हा परिणाम नगण्य आहे.

आखूड नळीवर बंधनं घालणाऱ्या कायद्यांचा रोख वेगळा होता. अमेरिकेने १९३४ मध्ये अठरा इंचांपेक्षा आखूड नळीच्या शॉटगनवर, म्हणजे छर्ऱ्यांच्या बंदुकीवर, कडक नोंदणी आणि कर लादला, तो ती कोटाखाली लपवता येते म्हणून. आपल्या १९५९ च्या शस्त्र अधिनियमातही परवान्याशिवाय बंदुकीची नळी आखूड करायला कलम ६ ने मनाई आहे.

१९६० च्या दशकात छर्रे प्लॅस्टिकच्या वाटीत बसवायला सुरुवात झाली. त्याआधी शिशाचे छर्रे नळीच्या भिंतीला घासून चपटे होत आणि चपटा छर्रा झोत सोडून बाहेर जाई. वाटीने ती घासण थांबली. कडक छर्रे आणि आट्यांनी बदलता येणारे चोक यांची भर पडल्यावर एकच नळी हवी तशी दाट किंवा विरळ मारू लागली. ट्रॅप या उडत्या तबकड्यांच्या स्पर्धेतले नेमबाज आजही तीस-बत्तीस इंची नळी पसंत करतात, ते दुसऱ्या कारणासाठी. पुढे वजन असलं की उडत्या तबकडीमागे बंदूक एकसारखी फिरते, अडखळत नाही, आणि लांब नळीवरून नजर सरळ जाते. स्कीट या तबकड्यांच्याच दुसऱ्या स्पर्धेत अंतर कमी आणि वळण झटपट, म्हणून तिथे परंपरेने आखूड नळ्या वापरत आले.

कोकणात आणि गोव्यात शेतीच्या संरक्षणासाठी परवान्यावर ठासणीच्या, म्हणजे तोंडातून दारू ठासून भरायच्या, बंदुका अजून आहेत. काळ्या दारूवर चालणाऱ्या त्या बंदुकीत लांब नळीने वेग खरोखर वाढतो, म्हणून ती बाळगणाऱ्याचा अनुभव खोटा नाही. तोच नियम बारा बोअरच्या काडतुसाला लावला की चुकतो. आपल्या बंदुकीचा मार कसा आहे हे ज्याला जाणून घ्यायचं आहे त्याने सुरक्षित, परवानगीच्या रेंजवर मोठा कागद लावावा, चाळीस यार्डांवरून नेहमीचंच काडतूस उडवावं आणि वर्तुळातली भोकं मोजावीत. मग काडतूस बदलून पुन्हा मोजावीत, कारण त्याच नळीतून दोन कंपन्यांची काडतुसं पुष्कळदा वेगवेगळी पसरतात.