डिस्चार्जनंतरची वर्षं

अपघातातला जखमी टाके काढून घरी गेला की हॉस्पिटलच्या लेखी तो बरा झालेला असतो. ही समजूत फार खोल रुजलेली आहे. सॅन फ्रान्सिस्कोचे सर्जन डोनाल्ड ट्रंकी यांनी १९८३ मध्ये जखमींच्या मृत्यूंची तीन टप्प्यांत विभागणी केली. काही जण जागीच जातात, काही पहिल्या तासांत, तर काही पुढच्या काही आठवड्यांत जंतुसंसर्गाने किंवा अवयव निकामी होऊन. रुग्णवाहिका आणि ट्रॉमा सेंटर यांचं नियोजन पुढे बरंचसं याच मांडणीवर झालं. पण ती काही आठवड्यांपाशी संपत होती.

त्यापुढे पाहिलं ते डेट्रॉइटच्या हेन्री फोर्ड हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी. गोळीबार, भोसकाभोसकी आणि मारहाणीतून वाचलेल्या रुग्णांचा त्यांनी पाच वर्षं माग काढला. ज्यांचा माग लागला त्यांपैकी ४४ टक्के पुन्हा जखमी होऊन आले होते आणि २० टक्के मरण पावले होते. १९८९ च्या या अहवालाने शहरी हिंसेतल्या जखमांना पुन्हा पुन्हा उलटणारा जुनाट आजार म्हटलं. हे म्हणणं महत्त्वाचं, कारण जुनाट आजाराचा रुग्ण घरी गेला तरी डॉक्टरची जबाबदारी संपत नाही. १९९४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये गोळी लागलेल्या तरुणांच्या खाटेशी त्याच वस्तीतली माणसं जाऊन बसू लागली. सूड घ्यायला जाऊ नये म्हणून समजावायचं आणि शाळा, नोकरी, घर यांची सोय लावेपर्यंत सोबत राहायचं, असं ते काम होतं. १९९८ मध्ये बाल्टिमोरच्या ट्रॉमा सेंटरमध्ये सर्जन कार्नेल कूपर यांनी असाच उपक्रम उभा केला.

मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो सिअ‍ॅटलच्या हार्बरव्ह्यू हॉस्पिटलमधला प्रयोग. लॅरी जेंटिलेलो आणि सहकाऱ्यांनी दाखल जखमींची दारूसाठी तपासणी केली, तर जवळजवळ निम्म्यांमध्ये दारूची समस्या आढळली. त्यांतल्या काहींशी मानसतज्ज्ञाने एकदाच, साधारण अर्धा तास, उपदेश न करता बोलणं केलं आणि महिन्याभराने एक पत्र पाठवलं. बाकीच्यांना नेहमीचे उपचार मिळाले. १९९९ मध्ये निष्कर्ष छापून आले: ज्यांच्याशी बोलणं झालं होतं त्यांच्यात पुन्हा जखमी होऊन येण्याचं प्रमाण सुमारे निम्म्याने कमी दिसलं. जखमेवरची पट्टी ताजी असताना माणूस स्वतःबद्दल जे ऐकून घेतो, ते एरवी ऐकत नाही. पुढे अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्स या सर्जनांच्या संघटनेने मोठ्या ट्रॉमा सेंटरांना ही तपासणी बंधनकारक केली.

२०११ मध्ये वॉशिंग्टन राज्यातला मोठा अभ्यास आला. १९९५ ते २००८ या काळातल्या १,२४,४२१ प्रौढ जखमींपैकी ७,२४३ हॉस्पिटलातच दगावले, तर २१,०४५ डिस्चार्जनंतर, अभ्यासाच्या काळात कधी ना कधी. जखमेनंतरच्या पहिल्या तीन वर्षांपुरतं पाहिलं तर एकूण १६ टक्के दगावले. त्याच वयाच्या सर्वसाधारण लोकांत हे प्रमाण ५.९ टक्के अपेक्षित होतं. या चौदा वर्षांत हॉस्पिटलातले मृत्यू ८ वरून ४.९ टक्क्यांवर आले. सर्जन जिंकत होते, पण त्यानंतरचे मृत्यू वाढत होते. घरी न जाता शुश्रूषा केंद्रात पाठवलेल्यांना धोका जास्त होता.

म्हाताऱ्या माणसांची गोष्ट यातच येते. पडून मनगट मोडतं, प्लॅस्टर होतं, आणि हाडं ठिसूळ का झाली, झोपेच्या गोळीने तोल जातो का, हे कुणी विचारत नाही. मग खुबा मोडतो आणि खुब्याच्या फ्रॅक्चरनंतर वर्षभरात सुमारे पाचातला एक रुग्ण जातो. स्कॉटलंडमधल्या ग्लासगोने १९९९ पासून पन्नाशीपुढच्या फ्रॅक्चरच्या रुग्णांना गाठून त्यांची हाडं तपासायला सुरुवात केली, ती पुढचं फ्रॅक्चर टाळण्यासाठी.

आपल्याकडे बहुतेक जोर अजून पहिल्या तासांवरच आहे. महाराष्ट्रात १०८ ची रुग्णवाहिका सेवा २०१४ मध्ये आली, तिने वेळ वाचवला. २०२० मध्ये मंजूर झालेली राज्याची अपघात विमा योजना पहिल्या ७२ तासांच्या उपचारांपुरती होती. मुंबईच्या केईएम व सायनसह दिल्ली आणि कोलकात्याच्या हॉस्पिटलांत २०१३ पासून जखमींची मोठी नोंदवही ठेवली गेली. तिच्यातही मृत्यू मोजले गेले ते हॉस्पिटलातलेच. निदान अशी नोंदवही असलेल्या हॉस्पिटलांनी वर्षभराने प्रत्येक जखमीच्या घरी एक फोन करावा: माणूस आहे का, आणि पुन्हा कुठे भरती झाला होता का?