बॅरन बेटाची प्रतिकृती घेणाऱ्या शाळांसाठी व पालकांसाठी : तटातील फट कृपया बुजवू नये

सप्रेम नमस्कार.

विज्ञान प्रदर्शनांचा हंगाम सुरू झाला की लालबागच्या आमच्या कार्यशाळेत एकाच तक्रारीचे फोन येऊ लागतात. खोके उघडले, ज्वालामुखीची कड एका बाजूने फुटलेली निघाली, वाहतुकीत धक्का बसला असावा, बदलून द्या. काही ग्राहक तर विचारण्यासाठीही थांबत नाहीत. ते एम-सील किंवा प्लास्टर लावून फट बुजवतात, वरून रंगाचा हात फिरवतात आणि प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी, प्रतिकृती भिजून फुगली म्हणून ती आमच्याकडे घेऊन येतात. कागदाचा लगदा पूर्ण सुकायला तीन-चार दिवस लागतात, त्यामुळे त्या वेळी आम्ही काहीही करू शकत नाही आणि ज्या मुलांनी महिनाभर तयारी केलेली असते त्यांचा विरस होतो. म्हणून आरंभीच लिहितो की ती फट आम्ही मुद्दाम ठेवलेली आहे. अंदमान समुद्रातील बॅरन बेटाला ती खरोखर आहे.

हे बेट पोर्ट ब्लेअरच्या, म्हणजे आताच्या श्री विजयपुरमच्या, ईशान्येस सुमारे १३५ किलोमीटरवर आहे. भारताच्या हद्दीतील तो एकमेव जागृत ज्वालामुखी. बेटाचा व्यास जेमतेम तीन किलोमीटर आणि कडेची उंची साधारण ३५० मीटर असली, तरी समुद्रतळापासून पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत आणखी सुमारे २,२५० मीटर डोंगर बुडालेला आहे, आणि आपण ज्याला बेट म्हणतो तो त्या डोंगराचा केवळ माथा आहे. भारतीय भूपट्ट येथे पूर्वेकडील बर्मा भूपट्टाखाली सरकतो. खाली जाणाऱ्या खडकांतून बाहेर पडलेले पाणी वरच्या प्रावरणात, म्हणजे भूकवचाखालच्या थरात, शिरते, त्यामुळे तेथील खडकाचा वितळणबिंदू उतरतो आणि शिलारस तयार होतो. सुमात्रा व जावाचे प्रसिद्ध ज्वालामुखी ज्या साखळीत आहेत, त्याच साखळीच्या उत्तर भागात हे बेट येते.

आता फटीविषयी. दिवाळीत किल्ला करणाऱ्या मुलांना ही रचना चटकन समजते, कारण बॅरन बेट दिसायला एखाद्या गडासारखेच आहे. बाहेर गोलाकार तट, आत मोकळे मैदान आणि मधोमध बालेकिल्ल्यासारखा उभा असलेला लहान शंकू. बाहेरचा तट हा एका फार जुन्या, मोठ्या शंकूचा शिल्लक राहिलेला भाग आहे. प्लाइस्टोसीन कालखंडाच्या, म्हणजे शेवटच्या हिमयुगाच्या, अखेरीस झालेल्या एका प्रचंड स्फोटक उद्रेकात त्या शंकूचा माथा नाहीसा झाला आणि त्याच्या जागी दीड ते दोन किलोमीटर रुंदीचे कुंड तयार झाले, ज्याला भूशास्त्रज्ञ कॅल्डेरा म्हणतात. या कुंडाच्या भिंती २५० ते ३५० मीटर उंच आहेत, मात्र पश्चिमेला कुंड समुद्राकडे उघडे आहे. नंतरच्या उद्रेकांतील लाव्हा आधी कुंडाच्या तळाशी पसरला आणि मग याच वाटेने समुद्राला जाऊन मिळाला. एकोणिसाव्या शतकात असे घडले, १९९१ मध्ये घडले आणि १९९५ मध्येही घडले. फट बुजवली तर लाव्हाला जायला वाट उरत नाही आणि बेटाच्या गेल्या दोन शतकांच्या इतिहासातील मुख्य गोष्टच प्रतिकृतीतून पुसली जाते.

व्यवहाराच्या दृष्टीनेही हे महत्त्वाचे आहे. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर यांचा प्रयोग मुलांना करायचाच असतो, म्हणून आतल्या शंकूत आम्ही प्लास्टिकची डबी बसवलेली आहे. डबीतून उतू जाणारा फेस उतारावरून फटीकडे वाहतो आणि बाहेरच्या निळ्या ट्रेमध्ये जमा होतो. फट बंद असेल तर हेच पाणी कुंडात साचते, लगद्यात मुरते आणि खालची एमडीएफची फळी फुगते. आमच्याकडे परत आलेल्या बहुतेक प्रतिकृती याच कारणाने खराब झालेल्या होत्या, आणि अशा दुरुस्तीचे पैसे घेताना आम्हालाही वाईट वाटते.

दुसरी तक्रार आतल्या शंकूची. तो हलतो, निघून हातात येतो, चिकटवायचा राहून गेला, असे वाटून पुष्कळ जण तो फेविकॉलने घट्ट बसवतात. तो सुटा ठेवलेला आहे, आणि त्यामागेही बेटाचा इतिहास आहे. या ज्वालामुखीच्या उद्रेकाची पहिली लेखी नोंद १७८७ ची. त्यानंतर दोन वर्षांनी आर्चिबाल्ड ब्लेअर, ज्यांच्यावरून पोर्ट ब्लेअर हे नाव पडले, तेथून गेले तेव्हा तीन-चार टन वजनाचे दगड बाहेर फेकले जात असल्याचे त्यांनी लिहून ठेवले. १८०३-०४ मध्ये पुन्हा उद्रेक झाला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर मात्र हा ज्वालामुखी इतका दीर्घकाळ शांत राहिला की तो थंडावला, असेच बहुतेकांनी धरले होते, आणि मग १९९१ च्या मार्चमध्ये तो जागा झाला व काही महिने धुमसत राहिला. १९९४-९५ मध्ये पुन्हा, आणि २००५ पासून तर अधूनमधून सतत. जानेवारी २०१७ मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे शास्त्रज्ञ जवळच्या समुद्रतळाचे नमुने गोळा करत असताना त्यांना तेथून राखेचे लोट उठताना दिसले. उद्रेक पाच-दहा मिनिटांच्या लहान लहान खेपांनी होत होता. दिवसा केवळ राख दिसे आणि सूर्यास्तानंतर तांबड्या लाव्हाची कारंजी. अशा प्रत्येक पर्वात मधल्या शंकूची उंची, मुख आणि उतार बदलत गेले आहेत, म्हणून कायमचा चिकटवलेला शंकू दाखवणे आम्हाला पटत नाही. प्रतिकृतीसोबत आम्ही दोन शंकू देतो, एक ठेंगणा आणि एक उंच. मुलांनी परीक्षकांसमोर एक काढून दुसरा बसवावा आणि हा डोंगर अजून घडतो आहे, हे हाताने दाखवावे. आमच्या अनुभवात परीक्षक याच ठिकाणी थांबून प्रश्न विचारतात.

प्रतिकृतीची एक बाजू कापून आतील थर दाखवलेले आहेत. राखाडी पट्टा राखेचा व दगडगोट्यांचा, काळा पट्टा लाव्हाचा, आणि असे एकावर एक. स्तरित ज्वालामुखी हे नाव याच रचनेवरून आले. स्फोट झाला की राख आणि तुकडे उतारावर साचतात, त्यांवरून लाव्हा वाहून थिजतो, पुढच्या खेपेस पुन्हा राख, आणि थिजलेला लाव्हा ही सुटी भर जागेवर धरून ठेवतो, म्हणून उतार तीव्र राहतात. या प्रकारचे पुष्कळ ज्वालामुखी अँडेसाइट नावाच्या दाट, चिकट शिलारसाचे असतात. बॅरनचा खडक मात्र मुख्यतः बेसॉल्ट आणि बेसॉल्टी अँडेसाइट आहे, म्हणून त्याचा लाव्हा तुलनेने पातळ असून दूरवर वाहतो. तेव्हा पाठ्यपुस्तकातील आकृतीपेक्षा हे बेट थोडे वेगळे आहे, आणि आम्ही बेटाबरोबर राहिलो आहोत.

रंग लाल का नाही, हेही विचारले जाते. थिजलेला लाव्हा आणि राख काळी-करडी असते, लाल फक्त वाहता लाव्हा, आणि तो रंग प्रयोगाच्या वेळी व्हिनेगरमध्ये घालता येतो. आकार ‘पसरट’ वाटतो, याचे कारण प्रमाण. १:१०,००० या प्रमाणात बेट ३० सेंटीमीटर रुंद होते आणि त्याची उंची केवळ साडेतीन सेंटीमीटर भरते. ती नीट दिसावी म्हणून आम्ही उभे प्रमाण दुप्पट केले आहे आणि तसे फळीवर लिहिलेही आहे. त्याहून अधिक उंच करून हवी असल्यास आम्ही नकार देतो. बर्फाच्छादित टोकदार शंकूच हवा असणाऱ्यांसाठी जपानच्या फुजीची ३,७७६ मीटरच्या डोंगरावरून केलेली प्रतिकृती आमच्याकडे तयार असते. मात्र १७०७ च्या उद्रेकात, ज्याची राख आजच्या टोकियोपर्यंत पोहोचली, फुजीच्याही आग्नेय उतारावर मोठे विवर पडले आहे आणि आमच्या फुजीवर तेही कोरलेले आहे. कृपया ते बुजवू नये.

मुंबईतील मुले हमखास विचारतात की मग आपला सह्याद्री अशाच शंकूतून झाला का. नाही. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांब भेगांतून पातळ लाव्हा वारंवार पसरला आणि थरावर थर साचले, ज्यांच्या पायऱ्या खंडाळ्याच्या घाटात गाडीच्या खिडकीतूनही दिसतात. काळवत्री, म्हणजे बेसॉल्टचा दगड, दोन्हीकडे आहे, पण घडण अगदी वेगळी. तसेच अंदमानातीलच बाराटांग येथे चिखलाचे ज्वालामुखी पाहायला सहलीला जाऊन आलेले पालक तेथील छायाचित्रे प्रतिकृतीशेजारी लावतात. बाराटांगला भूगर्भातील वायूंच्या दाबाने थंड चिखल वर येतो, शिलारस नव्हे. ती छायाचित्रे येथे लावू नयेत.

प्रतिकृती मांडताना फळीवरील बाण पश्चिम दाखवतो त्या, म्हणजे फटीच्या, बाजूला ट्रे येईल अशी ती ठेवावी. प्रयोगानंतर कुंड कोरड्या फडक्याने टिपावे, नळाखाली धरू नये. आमचे कारागीर गणपतीच्या मूर्ती घडवणारेच आहेत, त्यामुळे नव्या मागण्या अनंत चतुर्दशीनंतर हाती घेतल्या जातात आणि लगदा सुकण्यासह तीन आठवडे लागतात. समुद्रतळापर्यंतचा उभा छेद दाखवणारी जोडफळी वेगळी मिळते. वर्गात शिकवण्यासाठी घेणाऱ्या शाळांनी ती सोबतच मागवावी, म्हणजे रंग जुळतात. जादा शंकूंची जोडी केव्हाही मिळेल.