कापूस मिळेना म्हणून आलेला कागद

सावजीच्या रश्शाने नाक वाहू लागलं की टेबलावरचा टिश्यू ओढायचा, ही सवय नागपुरात आता चांगलीच रुळली आहे. एक पिढी मागे गेलं तर उन्हाळ्यात डोक्याला बांधलेला दुपट्टाच घाम पुसायला, धूळ अडवायला आणि वेळ पडली तर नाकालाही पुरायचा. कापसाच्या मुलखात कापडाची काय वाण? जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी इथे एम्प्रेस मिल सुरू केली, ती भोवतालचा कापूस आणि नुकताच आलेला लोहमार्ग बघूनच. टिश्यूच्या इतिहासात मात्र पहिलं कारणच कापसाचा तुटवडा हे आहे.

कागदाने नाक पुसणं तसं जपानी लोकांना जुनंच. १६१५ साली जपानी दूत हासेकुरा त्सुनेनागा फ्रान्समधल्या सेन-ट्रोपे बंदरात उतरला, तेव्हा त्याची माणसं तळहाताएवढ्या मऊ कागदात नाक शिंकरून तो फेकून देत आणि गावकरी ते कागद उचलायला धावत, अशी नोंद त्या वेळच्या फ्रेंच लोकांनी करून ठेवली आहे. वापरलेल्या टिश्यूला एवढा मान पुन्हा कधी मिळाला नसेल!

आजचा टिश्यू आला तो पहिल्या महायुद्धातून. जखमा बांधायला कापूस लागत होता आणि तोच कापूस स्फोटकांसाठीही वापरला जात होता. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या किम्बर्ली-क्लार्क या कागद कंपनीने लाकडाच्या लगद्यापासून कापसासारखा शोषणारा थर तयार केला आणि त्याला ‘सेल्युकॉटन’ नाव दिलं. कापसापेक्षा स्वस्त आणि शोषण्यात कितीतरी सरस, असा कंपनीचा दावा होता. युद्ध संपलं आणि माल गोदामात पडून राहिला. लष्करी इस्पितळांतल्या परिचारिकांनी हा थर मासिक पाळीसाठी वापरला होता. तो धागा पकडून १९२० साली कोटेक्स पॅड बाजारात आलं. पण दुकानदाराकडे ते मागायची बायकांना लाज वाटे आणि खप रखडला. मग तोच माल आणखी पातळ करून १९२४ साली ‘क्लीनेक्स’ काढलं. तेही नाकासाठी नव्हतं. चेहऱ्यावरचं कोल्ड क्रीम आणि मेकअप पुसायला होतं. जाहिरातीत नट-नट्या झळकल्या.

लोकांनी त्याचं भलतंच केलं. सर्दीत तो कागद रुमालासारखा वापरला जातोय, अशी पत्रं कंपनीकडे येऊ लागली. १९२६ मध्ये इलिनॉयमधल्या पिओरिया शहरात वृत्तपत्रातल्या जाहिरातींतून कंपनीने चाचपणी केली, तर साठ टक्क्यांच्या आसपास लोकांनी नाक पुसण्याच्या बाजूने कौल दिला. १९३० पासून जाहिरातीचा सूरच बदलला: सर्दी खिशात घेऊन फिरू नका. धुऊन पुन्हा वापरायच्या रुमालाला घाणेरडं ठरवल्याशिवाय एकदाच वापरायचा कागद खपला नसता. क्षयाची आणि इन्फ्लुएन्झाची धास्ती ताजी होती, त्यामुळे ते पटलंही. सर्दीच्या दिवसांत तो मुद्दा आजही खोटा नाही. त्याच सुमारास एक ओढला की दुसरा आपोआप वर येणारा डबाही निघाला, आणि माझ्या मते खप वाढायला जाहिरातीइतकाच तोही कारणीभूत आहे. हाताशी असलं की माणूस एकाच्या जागी तीन ओढतो.

आता हा कागद मऊ कसा होतो ते. पाइन-स्प्रूससारख्या झाडांचे लांब तंतू टिश्यूला ताकद देतात, निलगिरीचे आखूड तंतू मऊपणा. लाकडाचे तुकडे कॉस्टिक सोडा आणि सोडियम सल्फाइडच्या द्रावणात शिजवून तंतूंना चिकटवून ठेवणारं लिग्निन काढतात, मग लगदा ब्लीच करतात. यंत्राच्या जाळीवर जे ओततात त्यात शंभर भागांत एक भागसुद्धा तंतू नसतो, बाकी सगळं पाणी. जाळीवरचा ओला थर वाफेने तापलेल्या मोठ्या लोखंडी सिलिंडरला चिकटतो, सेकंदाच्या आत वाळतो आणि एक पातं त्याला सिलिंडरवरून खरवडून काढतं. त्या खरवडण्यात कागदाला बारीक चुण्या पडतात. मऊपणा, फुगीरपणा, थोडं ताणलं जाणं, हे सगळं त्या चुण्यांमुळे. ओला झाल्यावर लगदा होऊ नये म्हणून खास रेझिन घालतात. म्हणूनच हे टिश्यू संडासात टाकले की टॉयलेट पेपरसारखे विरघळत नाहीत आणि चेंबर तुंबवतात.

पर्यावरणाचा हिशेब बराचसा इथेच, कारखान्यात आणि जंगलात, होऊन जातो. पाणी उडवून लावायला प्रचंड उष्णता लागते. ती कोळशावर निर्माण केली की टिश्यू काळा म्हणायला हरकत नाही. ब्लीचसाठी पूर्वी थेट क्लोरीन वापरत. त्यातून डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्यं नद्यांत जातात हे १९८० च्या दशकात उघड झालं, आणि त्यानंतर कारखाने हळूहळू क्लोरीन डायॉक्साइडकडे वळले. लांब तंतूंचा लगदा आपल्याकडे फारसा होत नाही, तो आयात होतो. कॅनडाच्या उत्तरेकडची जुनी जंगलं टिश्यूसाठी तुटतात, ही तिथल्या आणि अमेरिकेतल्या पर्यावरण संस्थांची जुनी तक्रार आहे. वही-वर्तमानपत्राचा कागद निदान कबाडीकडे जातो, पुन्हा लगदा होतो. वापरलेला टिश्यू कबाडी घेत नाही. तो कचरागाडीतून नागपूरच्या भांडेवाडी कचरा डेपोत जातो आणि ढिगाखाली हवेविना कुजला तर मिथेन सोडतो.

रद्दीपासून केलेला टिश्यू जरा खरखरीत असतो, पण झाडं वाचवतो. हॉटेलात हात पुसायला तो चालायला हवा. तिथे तीन पदरी मुलायम टिश्यू ही निव्वळ उधळपट्टी वाटते. सुती रुमालालाही शेतातलं पाणी आणि कीटकनाशकं लागतातच, मात्र घरच्या कपड्यांबरोबर धुतला जाणारा रुमाल काही वर्षं टिकला तर तो खर्च विभागला जातो.

हल्ली ‘बांबूचा टिश्यू’ पर्याय म्हणून विकला जातो. विदर्भाला ही गोष्ट नवी नाही. १९४५ साली स्थापन झालेल्या बल्लारपूरच्या कागद कंपनीने चंद्रपूर-गडचिरोलीचा बांबू वर्षानुवर्षं लगद्यासाठी वापरला, तेव्हा गावकऱ्यांना आपल्याच जंगलातला बांबू विकता येत नव्हता. २०११ मध्ये गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाच्या ग्रामसभेला बांबूच्या वाहतुकीचे परवाने हाती मिळाले, तेही वनहक्क कायद्यातल्या हक्कांसाठी झगडल्यावर. बांबू झपाट्याने वाढतो, कापला की पुन्हा फुटतो, तंतूही बऱ्यापैकी लांब असतो; हे सगळं खरं. जगातला बांबूचा लगदा मात्र बहुतांश चीनमध्ये तयार होतो, आणि त्या डब्यावर बांबू कुणाच्या जंगलातला, ब्लीच कशाने केलं, सिलिंडर कोणत्या इंधनावर तापला, यातलं सहसा काहीच छापलेलं नसतं.